लँडमास्टरचा टप

बसा, जवळ सरकून बसा. रोहित, आधी त्या टोकाच्या शेकोटीत दोन ओंडके ढकलून ये, मग सांगतो. जाळ करू नकोस, धूर कर. धूर बागेवर तरंगत राहिला पाहिजे. आज निफाडचा पारा चारवर उतरणार म्हणतात. द्राक्षाचे मणी तडकले की हंगाम गेलाच. म्हणजे आपल्याला जागायचंच आहे. मला तशीही झोप येत नाही रे. चाळीस वर्षं शिलाई मशीनवर वाकून बसलो, आता आडवा झालो तरी पाठ ऐकत नाही.

आरोही, तू मघाशी विचारलंस, यादवआजोबा, तुम्ही भूत पाहिलंय का? नाही पाहिलं. या वयात खोटं कशाला बोलू? पण मल्हारी विधाते हा माझा जुना मित्र, त्याच्या बाबतीत जे घडलं ते सांगतो. त्यातलं थोडं माझ्या डोळ्यांदेखत घडलं, बाकीचं त्यानं आणि त्याच्या लेकीनं मला सांगितलं. दोघंही उगीच बोलणारी माणसं नव्हेत.

नाशकात द्वारका चौकाजवळ माझं कुशनचं दुकान होतं. रिक्षांच्या सीटा, जीपचे टप, टेम्पोच्या ताडपत्र्या, असली कामं. मल्हारी मखमलाबादचा, माळी. गुलाब, शेवंती, झेंडू. पहाटे फुलबाजार, दिवसभर रान. लग्नसराईत तो वरातीच्या गाड्या फुलांनी सजवायचा. त्यातूनच त्याच्या डोक्यात बसलं की आपली स्वतःची वरातीची गाडी पाहिजे. शहाण्णव साली एका भंगारवाल्याच्या आवारात त्याला ती सापडली.

लँडमास्टर. तुम्ही नाव ऐकलं नसेल. अँबॅसिडरची थोरली बहीण समजा. पण ही उघडी होती. टप नाहीच. नवरानवरी मागच्या सीटवर उभी राहिली तर अख्ख्या गावाला दिसावीत अशी.

तो ती माझ्याकडे सीटा करायला घेऊन आला तेव्हा मी आधी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. लँडमास्टर कंपनीतून उघडी येतच नसे. म्हणजे कोणीतरी टप कापला होता. वरातीसाठी कापलेल्या गाड्या मी खूप पाहिल्यात. गॅसनं कापतात, कडेवर पट्टी ठोकतात, रंग मारतात, झालं. इथं तसं नव्हतं. कडेवरून हात फिरवला तर कुठं खरखर नाही, कुठं टोचत नाही. नदीतला गोटा असतो ना, तशी गुळगुळीत. एखाद्यानं महिनोन्‌महिने नुसती कानस फिरवली असेल तरच लोखंड असं होतं. मी मल्हारीला म्हटलं, "हे कारखान्याचं काम नाही. ज्यानं कोणी केलंय त्यानं जीव ओतलाय."

"कोणी केलंय तेच तर शोधायचंय," तो म्हणाला.

कारण गाडी नावावर होत नव्हती. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं, बंद बॉडी, चार दरवाजे. आरटीओचा साहेब म्हणाला, टप कुठाय? ज्यानं कापला त्याचं लेखी आणा. आणि पुस्तकावरचं जुन्या मालकाचं नाव पाण्यानं धुऊन गेलेलं. शाईचा नुसता निळा डाग. मल्हारी वर्ष-दीड वर्ष त्या कागदामागे फिरला. सकाळी फुलं विकायची, दुपारी कचेरीत उभं राहायचं. भंगारवाल्यानं त्याला देवळाली गावातल्या एका बँडवाल्याकडे धाडलं. त्या बँडवाल्यानं बारा-तेरा वर्षं ती गाडी वरातीला चालवली होती. तो म्हणाला, "मी उघडीच घेतली, उघडीच विकली. सायखेड्याची आहे. नवसाबाई म्हणून एक म्हातारी आहे तिथं, तिच्याकडून घेतली. तिला विचारा."

मल्हारी निघता निघता त्यानं विचारलं, "टप लावलात का हिला?"

"दोनदा लावला."

"राहिला का?"

मल्हारीनं नुसती मान हलवली, नाही. 

ते दोन टप मी शिवले होते. पाइपाच्या तीन कमानी, त्यावर कापड. पहिला रेक्झिनचा, सत्त्याण्णवच्या जुलैत. तिसऱ्या दिवशी फाटून आला. मला वाटलं, माल हलका निघाला. दिवाळीच्या आधी दुसरा शिवला, जाड कॅनव्हासचा. तोही आला. त्याच जागी फाटलेला. मागच्या सीटच्या वर, उजव्या अंगाला. माझी शिलाई उसवली नव्हती. दोरा तसाच होता, कापड फाटलं होतं. आणि फाटलेल्या कडा बाहेरच्या बाजूला वळलेल्या. मी मल्हारीला विचारलं, आत काही ठेवतोस का, बांबू, शिडी? तो म्हणाला, काहीच नाही. गाडी नुसती उभी असते रे.

तिसरा टप शिवायचं तसं काही कारण नव्हतं. पण त्याच्या लेकीला आणायचं होतं. साधना. सायखेड्यालाच दिलेली. पहिलटकरीण, सातवा सरलेला, बाळंतपणाला माहेरी आणायची वेळ. आणि थंडी ही अशी. मल्हारी म्हणाला, "यादवभाऊ, एकदा अजून कर. पोर वाऱ्यात बसायला नको. एका फेरीत दोन कामं होतील, लेकही येईल आणि त्या म्हातारीचा कागदही."

मी ट्रकची ताडपत्री घेतली, दुहेरी केली, कडेला वादी लावून शिवली. म्हटलं, ही फाटली तर मी दुकान बंद करतो.

तारीख सांगतो. वीस जानेवारी अठ्ठ्याण्णव, मंगळवार.

मल्हारी दुपारी तीनला निघाला. सायखेड्यात आधी नवसाबाईचं घर शोधलं. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, भाचीकडं गेल्यात, आठ दिवसांनी येतील. तो जरा वेळ ओट्यावर तसाच बसून राहिला. मला म्हणाला होता, त्या ओट्यावर बसल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की आपण आता फार थकलो. मग उठून लेकीच्या सासरी गेला. चहापाणी झालं, ओटी भरली. जावयाचं रात्रीचं पाणी होतं उसाला, तो आला नाही. साधनाला मागं बसवली, उजव्या कोपऱ्यात, अंगावर गोधडी. सातला निघाले.

गावाबाहेर एक ओहोळ लागतो, त्यावर फरशी, बिनकठड्याचा ठेंगणा पूल. दोन्हीकडे ऊस. पाणी नावाला, पोटरीही भिजणार नाही एवढं. त्या आठवड्यात सातला वीज जायची, तशी ती गेलेली. सगळं शिवार काळं. मल्हारीनं फरशीवर गाडी घातली तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती.

साधना बोलत होती. सासूनं डिंकाचे लाडू दिलेत, आईला आवडतील का, असलं काहीतरी. बोलता बोलता ती थांबली.

"आबा."

"काय गं?"

"वर काय वाजतंय?"

मल्हारीला वाटलं, वाऱ्यानं ताडपत्री फडफडत असेल. पण वारा नव्हता. त्यानं कान दिला.

ठक्.

ठक् ठक्.

मला तो नेहमी सांगायचा. यादवभाऊ, ताडपत्रीवर असा आवाज होत नाही. तो पत्र्याचा आवाज होता.

गाडी फरशीच्या मधोमध आली आणि बंद पडली. त्यानं चावी फिरवली. काही नाही. दिवेही गेले. अंधारात फक्त ओहोळाचं पाणी... आणि ते वरचं.

ठक् ठक्... थांबायचं. जरा वेळानं पुन्हा ठक् ठक्. कोणीतरी वाट बघून वाजवावं तसं.

"आबा, माझे पाय गार पडले."

"गोधडी घे पायांवर."

"गोधडी भिजलीय."

त्यानं मागं हात घातला. गोधडी कोरडी होती. त्यानं लेकीचा पाय चाचपला. कोरडा. पण गार... विहिरीच्या तळाशी असावा तसा गार.

"आबा, पाणी चढतंय."

"कुठंय पाणी? साधना, कुठंय पाणी?"

ती बोलली नाही. तिचा श्वास ऐकू यायला लागला. लहान लहान. मान वर करून घेतल्यासारखा. जणू हनुवटीपर्यंत काहीतरी आलंय.

मल्हारीनं दार उघडायला घेतलं. कडी फिरली. दार हललं नाही. खांदा लावला. हललं नाही. बाहेरून कोणीतरी अंग टाकून उभं असावं तसं जड. दुसरं दार. तेही तसंच. काच खाली होईना.

मग खिशातली बॅटरी आठवली. ती लावली. मागं धरली.

साधना कोपऱ्यात बसलेली. डोळे उघडे. चेहरा वर. डावा हात पोटावर. आणि उजवा हात वर केलेला, मुठीनं ती टपावर ठोकत होती. तीच ठोकत होती.

पण तिची मूठ जिथं लागत होती त्याच्या शेजारी...

ताडपत्री वर फुगलेली. दोन ठिकाणी. बोटं पसरलेल्या तळव्यांएवढी. आतून कोणीतरी दाबत होतं. तिथं कोणी नव्हतं. एक तळवा... आणि एक तळवा. ढकलत होते. दम खात होते. पुन्हा ढकलत होते.

मल्हारी म्हणायचा, मला ओरडताही आलं नाही.

"आबा... श्वास..."

त्यासरशी तो हलला. फुलवाल्याच्या खिशात गुलाबाची कात्री असतेच. तो सीटवर गुडघे टेकून मागं वळला. कात्री वर खुपसली. माझी ती दुहेरी ताडपत्री. ती फाडायला दोन माणसं लागली असती. त्यानं एकट्यानं फाडली. एका कमानीपासून दुसऱ्या कमानीपर्यंत. हाताला कात्री लागली, रक्त आलं, ते त्याला घरी गेल्यावर कळलं.

वर आभाळ दिसलं. चांदण्या.

आणि सगळं थांबलं.

गार हवा आत आली. साधनानं एक मोठा श्वास घेतला. तिच्या पाठोपाठ... अजून एक श्वास. मल्हारीनं तो ऐकला. बाईचा. लांब. दिवसभर डोक्यावर ओझं वाहिलं आणि संध्याकाळी उतरवलं की बाईमाणूस सोडते ना, तसा.

मग दार आपोआप उघडलं. नुसतं कलतं झालं. चावी फिरवली, गाडी चालू झाली.

तो उरलेली ताडपत्री ओढून काढून पायाशी टाकून, उघड्या गाडीनं आला. एवढ्या थंडीत. वीसच्या वर वेग नाही. साधना मागं शांत बसलेली. तिला झोप लागली असेल असं त्याला वाटलं. आडगावचे दिवे दिसले तेव्हा ती बोलली.

"आबा, माझ्या शेजारी कोण बसली होती?"

मल्हारीनं मागं वळून पाहिलं.

"तिनंच माझा हात धरून वर नेला. म्हणाली, वाजव. थांबू नको. वाजव, दादा वर बसलाय."

 घरी आईनं दिव्यात तिचा हात पाहिला. उजव्या हाताची बोटं, ही उलट्या बाजूची हाडं, सोललेली. ताडपत्रीवर मूठ मारून कातडं असं सोलत नाही. ते पत्र्यावर सोलतं. मी दुसऱ्या दिवशी स्वतः पाहिलंय.

अरे, शेकोटी बघा ती. विझायला आली. ढोसून ये रोहित... हं.

साधनाला डॉक्टरांना दाखवलं. पोटातलं बाळ ठीक होतं. मल्हारी मात्र जेवेना. रात्री उठून अंगणात जाऊन बसायचा, गाडीकडे तोंड करून. सगळे म्हणाले, विकून टाक, भंगारात घाल. तो म्हणाला, "भंगारात घातली तर ती कुठं जाईल?" कोण ती, हे त्यालाही माहीत नव्हतं. नवव्या दिवशी तो माझ्याकडे आला. म्हणाला, "चल माझ्याबरोबर. म्हातारी आली असेल. मला एकट्याला ऐकायचं नाही."

आम्ही एसटीनं गेलो.

नवसाबाई पंचाहत्तरीच्या पुढची. वाळलेली, पण ताठ. ओसरीत लसूण सोलत बसली होती. आम्ही गाडीचं नाव काढलं तसे तिचे हात थांबले. मग पुन्हा सोलायला लागले.

"टप कोनी कापला म्हनता? माह्या मालकानं. बहिरू नाव त्यांचं. गावातली पहिली मोटार ती. लय हौस व्हती त्यांना."

"वरातीसाठी कापला का?" मी विचारलं.

"नाय भाऊ." तिनं एक गड्डा फोडला. "साळूबाई माही नणंद. ह्यांच्या पाठची. ह्यांनीच वाढवली तिला, आई लवकर गेल्याली. बाळंतपनाला आली व्हती. एकोनसत्तरला गोदागंगेला पूर आला नाय का, त्याच राती तिला कळा सुरू झाल्या. सुईन म्हनली, आडवं हाय, माह्याच्यानं व्हनार नाय. निफाडाला न्या. ह्यांनी मोटार काढली. मी म्हनलं, मी येते. तर म्हनले, तू पोरांपाशी थांब."

ती थांबली. मांडीवरची सालं झटकली.

"व्हवळाच्या फरशीवर ढोपरभर पानी व्हतं. म्हनले, निघून जाऊ. मधीच मोटार बंद पडली. गंगेचं पानी मागं फुगलं, ते व्हवळात शिरलं. बघता बघता काचंला लागलं. दारं काही उघडंना. पान्याचा भार. हे काचंतून निघाले. तिला वढाया लागले. पन पोटामुळं... निघंना. लय वढली. निघंना ती."

"मग?"

"मग टपावर चढले. दुसरी जागा कुठं व्हती? खाली साळू. आत वरच्या अंगाला हातभर हवा राह्यली व्हती. ती खालून वाजवायची, दादा, हायेस का? हे वरून वाजवायचे, हाय. हातात काही नाय. छिन्नी नाय, पहार नाय. नखांनी पत्रा वरबाडला त्यांनी. गावाकडं हाका मारल्या, तर पान्याच्या आवाजात कोनाला ऐकू जानार? रातभर. ती वाजवायची, हे वाजवायचे. उजाडायच्या टायमाला ह्यांनी वरून वाजवलं... अन्‌ खालून..."

तिनं सोललेला लसूण वाटीत टाकला. वाटीत पडल्याचा आवाज आला तेवढाच.

मग ती म्हणाली, "पानी उतरल्यावर मोटार वढून आनली. पंधरा दिस हे कोनाशी बोलले नाय. मग एक दिस हेक्सॉ घेऊन बसले. कोनाला हात लावू दिला नाय. टप कापला अन्‌ गंगेत नेऊन टाकला. मग कानस घेऊन कडा घासत बसले. सकाळ, दुपार, सांज. महिना झाला, दोन झाले. मी म्हनलं, अवो, पुरे की आता, झाल्या की गुळगुळीत. तर म्हनले, तिच्या हाताला लागाया नको."

मल्हारीनं मान खाली घातली. मी बाहेर बघत राहिलो. ती कड माझ्या बोटांना आठवली.

"तेरा वर्सं तशीच चालवली. पावसात भिजत जायचे. कोनी ताडपत्री दिली तर अंगावर जायचे त्याच्या. गेले ब्याऐंशीला. मग मी ती बँडवाल्याला दिली. म्हनलं, लग्नाच्या गाडीत राहील बाई. मोकळ्या हवंत, वाजतगाजत फिरंल."

मग तिनं पहिल्यांदा मल्हारीकडे नीट पाहिलं. "तुम्ही टप लावला का तिला?"

मल्हारीनं सगळं सांगितलं. फरशी, अंधार, लेक, तिचा वर गेलेला हात. शेवटी म्हणाला, "लेकीच्या कानात ती म्हणाली, वाजव, दादा वर बसलाय."

म्हातारीचा चेहरा हलला नाही. तिनं पदर तोंडावर धरला.  मग इतकंच म्हणाली,

"म्हंजी तिला अजून... उजाडल्यालंच नाय..."

ती उठली. आत गेली. आम्ही आणलेल्या कागदावर, टप माझे पती बहिरू यांनी कापला, असं मी लिहिलं. तिनं आतूनच हात पुढं करून अंगठा दिला. आम्ही निघालो. एसटीत मल्हारी खिडकीला डोकं टेकून बसला. नाशिक येईस्तोवर त्यानं डोळे उघडले नाहीत, पण तो झोपलेला नव्हता.

गाडी नावावर झाली. मार्चमध्ये साधना सुखरूप बाळंत झाली. मुलगी. आता ती दहावीला असेल बघा.

मल्हारीनं पुन्हा टप लावला नाही. शेडसुद्धा बांधली नाही. गाडी अंगणात, आभाळाखाली. पावसाळ्यात सीटा भिजायच्या, कुजायच्या, दर दोन वर्षांनी मी नव्या करून द्यायचो. लग्नसराईत तो स्वतः चालवायचा, फुलं स्वतः बांधायचा. नवरानवरीला नेहमी डावीकडं बसवायचा, जरा आवरून. फोटोवाले वैतागायचे, मधे घ्या म्हणायचे. तो ऐकायचा नाही. कारण विचारलं तर म्हणायचा, उजवीकडची जागा कोणाची तरी आहे. दोन हजार सहाला तो गेला. आजार असा काही नव्हता. थकला होता, बस.

एवढंच. मी भूत पाहिलं नाही म्हणतो ते खरंच आहे.

...

काय गं आरोही? हो. आहे अजून एक. ते मी मल्हारीलाही कधी बोललो नव्हतो.

डिसेंबर, दोन हजार तीन. मी त्याच्याकडे सीटांचं काम करायला गेलो होतो. अंधार पडेपर्यंत काम चाललं. नवं काळं रेक्झिन, नवा काथ्या. उशीर झाला म्हणून तिथंच झोपलो. पहाटे सवयीनं जाग आली. मल्हारी फुलं घेऊन बाजारात गेलेला. मी अंगणात आलो. गुलाबांवर, कौलांवर, तुळशीच्या कट्ट्यावर दव. एवढं दव की पागोळ्या गळत होत्या. गाडीवर तर कोणी बादलीनं पाणी ओतावं तसं. बोनेट ओलं, स्टेअरिंग ओलं, पुढची सीट ओली, थेंब नुसते उभे होते रेक्झिनवर.

मागच्या सीटवर, उजव्या कोपऱ्यात, कोरडं होतं.

एक बाई बसावी एवढं. पाठ टेकते तिथंही. भोवतीनं दव, मधे लख्ख कोरडं.

मी जवळ गेलो. वाकलो.

तिला लागूनच आणखी एक जागा कोरडी होती. लहान. तान्हं निजवतात त्या सुपाएवढी.

मी हात ठेवला.

उबदार होती.